गणित मांडण्याआधी अंदाज बांध

प्रिय विद्यार्थी,

तुझं पत्र वाचलं. जैवअभियांत्रिकीच्या पहिल्या तीन आठवड्यांतले दोन प्रश्नसंच अर्धवट राहिले, प्रयोगशाळेचा पहिला अहवाल लाल शाईने भरून परत आला आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना सगळं येतंय असं वाटतं, असं लिहिलं आहेस. उरलेल्या निम्म्यांनाही नेमकं तसंच वाटत असतं. जीवशास्त्राकडून आलेली मुलं डिफरन्शियल इक्वेशन दिसलं की थबकतात. गणिताकडून आलेली मुलं समीकरण झटक्यात सोडवतात, पण पेशीत काय चाललंय हे न कळल्यामुळे कोणतं समीकरण मांडायचं तिथेच अडतात. दोघांची अडचण खरी आणि दोघांची वेगळी. तरी एक गोष्ट दोघांनाही कमी पडते आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे. ती म्हणजे आकड्यांशी ओळख.

पेशी केवढी असते, पाण्यात ऑक्सिजन किती विरघळतो, रेणूला शंभर मायक्रोमीटर जायला किती वेळ लागतो, छातीवर मिळणारा हृदयाचा सिग्नल किती मिलिव्होल्टचा असतो, हे डोक्यात नसेल तर समीकरण ही अक्षरांची रांग राहते. मग उत्तर हजारपटीने चुकलं तरी डोळ्याला खटकत नाही. अर्धवट राहिलेल्या प्रश्नसंचांपेक्षा हे न खटकणं मला जास्त काळजीचं वाटतं.

डिफ्यूजनपासून, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्यापासून, सुरुवात कर. ऑक्सिजनचा पाण्यातला डिफ्यूजन गुणांक सुमारे २,००० चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद आहे. पुस्तकात तो चौरस मीटरमध्ये, दहाच्या उणे नवव्या घाताने लिहिलेला असतो, म्हणून मनात बसत नाही. एखादं अंतर पार करायला लागणारा वेळ काढायचा तर अंतराचा वर्ग करायचा आणि गुणांकाच्या दुपटीने भागायचं. १०० मायक्रोमीटरला अडीच सेकंद लागतात. १ सेंटिमीटरला २५,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ सात तास. अंतर शंभरपट झालं आणि वेळ दहा हजारपट. शरीरात बहुतेक पेशी केशवाहिनीपासून शंभर-दोनशे मायक्रोमीटरच्या आत का असतात, याचं कारण या दोन आकड्यांत आहे. ऊतक अभियांत्रिकीच्या प्रकल्पात ५ मिलिमीटर जाडीचा स्कॅफोल्ड (पेशी वाढवायचा सच्छिद्र सांगाडा) करून त्यात पेशी भरल्या की आठवड्याने मधला भाग मेलेला का सापडतो, तेही इथेच कळतं. त्यात आणखी एक बारकावा आहे. ऑक्सिजन पोचायला लागणारा वेळ एवढाच प्रश्न नसतो. वाटेतल्या पेशी तो खात असतात. खप एकसारखा धरला तर जिवंत राहणाऱ्या थराची जाडी खपाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. पेशींची घनता चौपट केली की जिवंत थर निम्मा होतो. "जास्त पेशी घातल्या तर ऊतक लवकर तयार होईल" असं गटात कोणी म्हणालं, तर त्यांना हे गणित कागदावर मांडून दाखव.

वहीच्या शेवटच्या पानावर असे पंधरा-वीस आकडे लिहून ठेव. ई. कोलायची लांबी सुमारे २ मायक्रोमीटर, सस्तन प्राण्याची पेशी १० ते २०. पाण्याची विस्निग्धता १ मिलिपास्कल सेकंद. ३७ अंशांना हवेशी संपृक्त पाण्यात ऑक्सिजन सुमारे ७ मिलिग्रॅम प्रति लिटर. नवा धडा आला की त्यातले एक-दोन आकडे या पानावर जाऊ देत. पाठ करायला बसू नकोस, वापरता वापरता बसतात.

आता समतोल, म्हणजे आत-बाहेरचा हिशेब. अर्ध्याहून अधिक विषय यावरच उभा असतो, त्यामुळे इथे घाई करू नकोस. प्रश्न वाचून झाला की आधी चित्र काढ आणि त्याभोवती तुटक रेषेने सीमा आख. सीमेच्या आत येणारं, बाहेर जाणारं, आत तयार होणारं किंवा खर्च होणारं आणि आत साचणारं, एवढ्या चारच गोष्टी असतात. सीमा न आखता समीकरण लिहिलं तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते किंवा एक वाट सुटते, आणि चूक सापडायला तास जातो.

केमोस्टॅटचं उदाहरण घे. भांड्यात २ लिटर द्रव आहे, तासाला अर्धा लिटर ताजं माध्यम आत येतं आणि तेवढंच बाहेर जातं. येणाऱ्या माध्यमात ग्लुकोज १० ग्रॅम प्रति लिटर. पेशींचा कमाल वाढदर ताशी ०.५, ग्लुकोजवरून वाढदर सांगणाऱ्या मोनो समीकरणातला अर्धसंपृक्तता स्थिरांक (ज्या ग्लुकोजला वाढदर कमालीच्या निम्मा असतो) ०.१ ग्रॅम प्रति लिटर, आणि १ ग्रॅम ग्लुकोजमागे अर्धा ग्रॅम पेशी तयार होतात (याला यील्ड म्हणतात). स्थिरावस्थेत साचणं शून्य. पेशी आत येत नाहीत, बाहेर जातात आणि आत वाढतात. म्हणून त्यांचा वाढदर विरलन दराएवढा (तासाला येणारं माध्यम भागिले भांड्यातला द्रव), म्हणजे ०.५ भागिले २, ताशी ०.२५. हा कमाल दराच्या बरोबर निम्मा आहे, म्हणजे भांड्यातलं ग्लुकोज अर्धसंपृक्तता स्थिरांकाएवढंच असणार, ०.१ ग्रॅम प्रति लिटर. उरलेल्या ९.९ ग्रॅममधून ४.९५ ग्रॅम प्रति लिटर पेशी. मोठं समीकरण सोडवावं लागलंच नाही.

पुढचं गणित स्वतः कर, कारण धडा तिथे आहे. विरलन दर ०.४५ केला तर ग्लुकोज ०.९ होतं आणि पेशी ४.५५, फारसा फरक नाही. ०.४९ केला तर ग्लुकोज एकदम ४.९ वर जातं आणि पेशी २.५५ वर येतात. ०.४९५च्या जवळ भांडं धुतलं जातं, पेशी उरतच नाहीत. म्हणजे कमाल उत्पादकता ज्या दराला मिळते, तिथून कडा फार दूर नसतो. पंपात दहा-बारा टक्क्यांची चूक झाली तर संपूर्ण संवर्धन वाहून जाऊ शकतं. आलेख हाताने काढ. संगणकाने काढलेल्या आलेखात हा उतार दिसतो, पण हाताने बिंदू मांडताना तो जाणवतो.

या गणितात तीन चुका वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. पहिली म्हणजे मोनो समीकरणात येणाऱ्या माध्यमातलं ग्लुकोज घालणं. भांडं नीट ढवळलेलं असतं, म्हणून आतलं ग्लुकोज बाहेर जाणाऱ्याएवढं असतं. पेशींना १० ग्रॅमची चव कधी मिळतच नाही. दुसरी, दुपटीच्या वेळावरून वाढदर काढताना २च्या नैसर्गिक लॉगॅरिदमला विसरणं. वीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्या जिवाणूंचा वाढदर ताशी ३ नसून ०.६९३ भागिले एक तृतीयांश तास, म्हणजे सुमारे २.०८ असतो. तिसरी, मिनिटं आणि तास एकाच ओळीत मिसळणं. तिसरीवर उपाय साधा आहे. प्रत्येक आकड्यासोबत एकक लिहायचं, मधल्या ओळीतसुद्धा, आणि खोडायची एककं खरोखर रेघ मारून खोडायची. कंटाळवाणं वाटतं, पण परीक्षेच्या खोलीत थकलेल्या डोक्याला हीच सवय सावरते.

डिफरन्शियल इक्वेशनची भीती असेल तर एक दिलासा आहे. या पातळीवर बहुतेक वेळा तीनच प्रकार भेटतात. एक, काहीतरी आपल्याच प्रमाणात वाढतं किंवा घटतं. दोन, काहीतरी एका अंतिम किमतीकडे हळूहळू सरकतं आणि उरलेलं अंतर ठराविक प्रमाणात कमी होत जातं. तीन, दोन्ही बाजू वेगळ्या करून इंटिग्रेट करता येतात. प्रत्येकाची दहा-दहा गणितं एका शनिवार-रविवारी कर. गणिताचं अख्खं पुस्तक पुन्हा वाचायची गरज नाही.

दुसरा प्रकार तुला लगेच लागेल, ऑक्सिजनच्या पुरवठ्यात. हा भाग मला सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो, कारण आकडे इथे धक्का देतात. झपाट्याने वाढणारं ई. कोलाय, घनता ५ ग्रॅम प्रति लिटर, प्रत्येक ग्रॅममागे ताशी १० मिलिमोल ऑक्सिजन धर. म्हणजे लिटरमागे ताशी १,६०० मिलिग्रॅम. पाण्यात साठा ७ मिलिग्रॅमचा. हवा बंद पडली तर तो साठा सोळा सेकंदांत संपतो. सोळा सेकंद! नमुना घेताना कोणाचा तरी हात हवेच्या नळीवर पडला आणि ती दुमडली, तर गप्पा संपेपर्यंत संवर्धनाची श्वासकोंडी झालेली असते. आणि ते नेहमी चालू ठेवायचं तर ऑक्सिजन हस्तांतरणाचा गुणांक, ज्याला सगळे केएलए म्हणतात, किती हवा? विरघळलेला ऑक्सिजन ३० टक्क्यांवर ठेवायचा असेल तर ढकलणारा फरक ४.९ मिलिग्रॅम उरतो. १,६०० भागिले ४.९, म्हणजे ताशी सुमारे ३२७. प्रयोगशाळेतल्या भांड्यात मिळालेला गुणांक १०० असेल, तर ढवळणं वाढव, हवा वाढव, हवेत ऑक्सिजन मिसळ किंवा पेशी हळू वाढव, एवढेच मार्ग आहेत. फेस आला म्हणून फेसरोधक ओतताना हात आखडता ठेव. त्याने बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, पृष्ठभाग घटतो आणि केएलए खाली येतो.

हा गुणांक मोजायचा प्रयोग तुझ्याही वेळापत्रकात असेल. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन शून्यावर आणायचा, मग हवा चालू करून वाढ नोंदवायची, आणि उरलेल्या फरकाचा नैसर्गिक लॉगॅरिदम वेळेविरुद्ध मांडून उतार काढायचा. पुस्तकात एवढंच असतं. प्रत्यक्षात सुरुवातीला वरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन उरलेला असतो, म्हणून पहिले बिंदू वाकडे पडतात. शेवटी फरक इतका लहान होतो की प्रोबचा (ऑक्सिजन मोजणाऱ्या दांड्याचा) आवाज, म्हणजे वाचनातला अनियमित गोंधळ, वरचढ ठरतो. २० ते ८० टक्क्यांमधला तुकडा घे. आणि प्रोबचा प्रतिसाद वेळ आधी मोज. केएलए ताशी १०० असेल तर त्याचा कालस्थिरांक, म्हणजे ६३ टक्के बदलाला लागणारा वेळ, ३६ सेकंद. प्रोबच स्वतः पंचवीस-तीस सेकंद घेत असेल तर भांड्याच्या नावाखाली प्रोब मोजला जातो. प्रोब नायट्रोजनच्या पाण्यातून काढून हवेच्या पाण्यात बुडव आणि ६३ टक्क्यांपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते घड्याळाने बघ. पाच मिनिटांचं काम आहे, अहवालात त्याची एक ओळ लिही.

अहवाल लाल शाईने का भरला होता, याचा अंदाज तू जोडलेल्या दोन पानांवरून आला. एन्झाइमचा प्रयोग, ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये. एनएडीएच या, अभिक्रियेत खर्च होणाऱ्या रेणूचा ३४० नॅनोमीटरला शोषण गुणांक ६,२२० प्रति मोलर प्रति सेंटिमीटर, हे बरोबर घेतलं आहेस. पण प्रकाशाचा मार्ग १ सेंटिमीटर धरलास. तो चौकोनी क्युव्हेटमध्ये असतो. प्लेटमध्ये प्रकाश वरून खाली जातो, म्हणून मार्ग द्रवाच्या उंचीएवढा. २०० मायक्रोलिटर भरले तर साधारण ०.६ सेंटिमीटर. मिनिटाला शोषण ०.०६२२ने घटलं तर क्युव्हेटमध्ये त्याचा अर्थ मिनिटाला १० मायक्रोमोलर, प्लेटमध्ये जवळजवळ १७. तुझा एन्झाइम ४० टक्क्यांनी दुबळा दिसला तो यामुळे.

दुसरी खूण उलट आलेखावर होती. मिकाएलिस आणि मेंटेन यांचं, सांद्रतेवरून एन्झाइमचा वेग सांगणारं समीकरण १९१३चं. लाइनवीव्हर आणि बर्क यांनी १९३४मध्ये दोन्ही बाजू उलट्या करून त्याची सरळ रेघ केली, कारण तेव्हा वक्र बसवायला संगणक नव्हता. उलटं केल्यावर सर्वांत कमी सांद्रतेचे बिंदू, जे सर्वांत लहान आणि सर्वांत अनिश्चित असतात, ते आलेखाच्या टोकाला जाऊन रेघेला आपल्याकडे खेचतात. तो आलेख समजून घे, निरोध कोणत्या प्रकारचा ते डोळ्यांना दाखवायला वापर, पण स्थिरांक काढताना मूळ वक्रच नॉनलिनिअर पद्धतीने बसव. सांद्रता केएमच्या (ज्या सांद्रतेला वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो तिच्या) एक पंचमांशापासून पाचपटीपर्यंत पसरलेल्या असू देत. पाचपटीलाही वेग कमाल वेगाच्या ८३ टक्केच असतो, म्हणून जमलं तर एक बिंदू दहापटीवर घे. आणि वेग सुरुवातीचाच मोज, दहा टक्क्यांहून कमी सब्स्ट्रेट संपलेला असताना. सरळ भाग संपल्यावरचे बिंदू धरले की कमाल वेग कमी येतो आणि मग मुलं एन्झाइम खराब होता असं लिहितात.

पिपेटवर मी अडून बसणार आहे, कारण बरेचसे "विचित्र निकाल" तिथून येतात. प्रयोगाआधी तराजूवर १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा टाक. प्रत्येक वेळी १०० मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवं. ९६ आणि १०४मध्ये उड्या मारत असेल तर दोष हाताचा आहे. दहाही वेळा ९५ येत असेल तर पिपेटचा. नवीन टोक आधी त्याच द्रवाने एकदा ओलं कर. ओढताना पिपेट उभी धर, टोक दोन-तीन मिलिमीटरच बुडव आणि अंगठा सावकाश सोड. ग्लिसरॉल असलेला एन्झाइम असेल तर उलटं पिपेटिंग कर: दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून ओढायचं, पहिल्या थांब्यापर्यंतच सोडायचं, उरलेलं टोकात राहू द्यायचं. आणि १ मायक्रोलिटर टाकायची वेळच येऊ देऊ नकोस. आधी विरल कर आणि १० टाक. क्रमवार विरलनात दर पायरीला एकाच बाजूची २ टक्के चूक झाली तर सहाव्या नळीत ती १२ टक्क्यांच्या आसपास गेलेली असते.

ओडीचंही, म्हणजे पेशींच्या द्रवातून प्रकाश किती अडतो त्या मापाचंही, असंच. बहुतेक यंत्रांत ०.४च्या पुढे ओडी आणि पेशींचं प्रमाण सरळ राहत नाही, प्रकाश पेशींवरून पुन्हा पुन्हा विखुरतो. १.८ वाचलं तर ते १.८ लिहू नकोस. दहापट विरल करून पुन्हा वाच आणि गुण. रिकामं वाचन पाण्याऐवजी त्याच माध्यमाचं घे.

पेशी मोजताना हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या आखीव काचेच्या) चार मोठ्या चौकोनांची सरासरी गुणिले १०,००० गुणिले विरलन. ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) समान भाग घातला असेल तर तो दोनचा गुणक हमखास विसरला जातो आणि पेशी निम्म्या भरतात. एकूण २५ पेशी मोजल्या तर निव्वळ मोजणीची अनिश्चितता २० टक्के, १०० मोजल्या तर १०, ४०० मोजल्या तर ५. "मोजणी जुळत नाही" म्हणण्याआधी किती मोजल्या ते बघ.

संख्याशास्त्राबद्दल एकच गोष्ट, जी तुझ्या अहवालात सर्वांत मोठ्या अक्षरांत आहे: एकाच फ्लास्कमधल्या पेशी तीन खड्ड्यांत टाकल्या तर एन, म्हणजे स्वतंत्र प्रयोगांची संख्या, तीन होत नाही, एकच राहतो. ते तीन खड्डे तुझा हात किती स्थिर आहे ते दाखवतात. जीवशास्त्राबद्दल काही म्हणायचं तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर प्रयोग पुन्हा व्हायला हवा. वेळ नसेल तर तसं स्पष्ट लिही आणि पी-मूल्य काढू नकोस. प्रामाणिक एक एन हा फुगवलेल्या तीनपेक्षा जास्त गुण मिळवतो.

सत्राच्या मध्यावर ईसीजी ॲम्प्लिफायरचा प्रकल्प येईल असं लिहिलं आहेस. इथे जीवशास्त्राची मुलं घाबरतात आणि गणिताची मुलं निष्काळजी होतात. हृदयाचा सिग्नल त्वचेवर सुमारे १ मिलिव्होल्ट. तो १,००० पट केला की १ व्होल्ट, छान. म्हणून पहिल्या प्रयत्नात सगळे एकाच टप्प्यात १,००० पट वाढवतात आणि आउटपुट सरळ रेघ होऊन पुरवठ्याच्या टोकाला चिकटतं. कारण इलेक्ट्रोड आणि त्वचा मिळून एक बॅटरीच बनते. दोन इलेक्ट्रोडमधला स्थिर फरक ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो, आणि त्याचे हजारपट ३०० व्होल्ट तुझ्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्या कुठून देणार? म्हणून पहिला टप्पा दहापटच ठेव. एडी६२० ही ॲम्प्लिफायर चिप वापरत असशील तर गेन (किती पट वाढ) म्हणजे १ अधिक ४९.४ किलोओहम भागिले बाहेरचा रेझिस्टर, ५.४९ किलोओहम लावला की बरोबर १०. तिथे स्थिर फरक जास्तीत जास्त ३ व्होल्ट होतो, चालतं. मग हाय-पास फिल्टरने तो काढून टाक, १ मायक्रोफॅरड आणि ३३० किलोओहमने सीमा ०.५ हर्ट्झच्या जवळ येते. त्यानंतर शंभरपट वाढव. शेवटी लो-पास, ०.१ मायक्रोफॅरड आणि ३९ किलोओहम, सुमारे ४० हर्ट्झ.

एवढं करूनही स्क्रीनवर जाड पट्टा दिसेल. तो घरगुती विजेचा, ५० किंवा ६० हर्ट्झचा आवाज आहे, आणि ४० हर्ट्झचा एकच साधा फिल्टर त्याला फारसा अडवत नाही. आधी तारा बघ. दोन्ही लीड एकमेकींत पिळून घे, म्हणजे दोघींत सारखाच आवाज शिरेल आणि वजा होईल. इलेक्ट्रोडचं जेल सुकलं आहे का, त्वचा पुसली आहे का, तिसरा इलेक्ट्रोड पायाला लावला आहे का, हे बघ. मग उजव्या पायाचं ड्राइव्ह सर्किट, जे दोन्ही लीडमधला सारखा आवाज उलटा करून शरीरात परत सोडतं. सॉफ्टवेअर फिल्टर सर्वांत शेवटी. सँपलिंग सेकंदाला २५० पेक्षा कमी ठेवू नकोस: सेकंदाला ६० नमुने घेतले तर ५० हर्ट्झचा आवाज १० हर्ट्झच्या वेशात येतो आणि एकदा तसा आत आला की कोणताही फिल्टर त्याला ओळखून काढू शकत नाही. आणि हे नियम म्हणून घे: माणसाला जोडलेलं सर्किट बॅटरीवरच चालेल, त्याला जोडलेला लॅपटॉप चार्जरवर नसेल, आणि पहिली चाचणी माणसावर न करता सिग्नल जनरेटर आणि रेझिस्टरच्या विभाजकावर होईल.

गटाबद्दल थोडंच. सुटे भाग पहिल्याच आठवड्यात मागवा आणि प्रत्येकाचे दोन मागवा. सत्राचा दोन तृतीयांश भाग संपेपर्यंत कसंही का होईना, पण चालणारं काहीतरी हातात हवं.

प्रश्नसंच ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी चाळीस मिनिटं घे. सोडवू नकोस. प्रत्येक प्रश्नाचं चित्र काढ, सीमा आख, दिलेले आकडे एककांसह लिही आणि समासात उत्तराचा अंदाज लिही, दहापटीच्या आतबाहेर असला तरी चालेल. सोडवायला दुसऱ्या दिवशी बस. मधल्या रात्रीत डोकं बरंच काम करून ठेवतं. एका ठिकाणी पंचवीस मिनिटं अडलं तर थांब आणि अडलेली जागा एका वाक्यात लिही. "केमोस्टॅट कळत नाही" हे वाक्य घेऊन शिक्षकांकडे गेलं की पुन्हा अख्खा तास ऐकावा लागतो. "साखरेच्या समतोलात पेशींच्या देखभालीचा खर्च वेगळा धरायचा की यील्डमध्ये आलेला आहे?" असं विचारलं की पाच मिनिटांत वाट मोकळी होते. मित्रमैत्रिणींबरोबर बसायचं तर आधी सगळ्यांनी एकेकट्याने सोडवायचं, मग फक्त शेवटचा आकडा आणि एकक ताडून बघायचं. जिथे जुळत नाही तिथे बोलायचं. शेजारी बसून दुसऱ्याचं सोडवणं बघितलं की सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि परीक्षेत पहिली ओळही सुचत नाही.

परीक्षेत उत्तर आल्यावर अर्धा मिनिट ते टोकाला ढकलून बघ. विरलन दर शून्य केला तर पेशी जेवढं ग्लुकोज तेवढं सगळं खातात का? सांद्रता अतोनात वाढवली तर वेग कमाल वेगावर थांबतो का? पटलाच्या विभवाचं गणित असेल तर चिन्ह बघ. पोटॅशियम बाहेर ५ आणि आत १४० मिलिमोलर असताना ३७ अंशांना उणे ८९ मिलिव्होल्ट यायला हवं. अधिक ८९ आलं तर भागाकार उलटा झाला आहे, आकडेमोड पुन्हा करायची गरज नाही. अर्धवट प्रश्नातही चित्र, समतोल आणि अपेक्षित उत्तराचा अंदाज लिहून ठेव, गुण त्याचेही असतात. सहामाहीत फार कमी गुण पडले तर विषय सोडण्याची मुदत कधी संपते ते आधी बघ आणि ती संपण्यापूर्वी उत्तरपत्रिका घेऊन शिक्षकांना भेट. कोणत्या प्रकारच्या चुकांनी गुण गेले ते एकत्र मोजा. एककं आणि चिन्हं यांनी गेले असतील तर सोडायचं कारण नाही. समतोलच मांडता येत नसेल तर पुढच्या वर्षी, गणिताचा पाया पक्का करून पुन्हा घेणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो आणि त्यात कमीपणा नाही.

ते दोन अर्धवट प्रश्नसंच फेकले नसतील तर बाहेर काढ. सोडवू नकोस अजून. प्रत्येक प्रश्नाचं चित्र, सीमा आणि समासातला अंदाज एवढंच लिहून या पानांचे फोटो रविवारपर्यंत पाठव. अंदाज चुकीचा वाटला तरी खोडू नकोस. कुठे दहापटीने चुकला आणि कुठे हजारपटीने, ते बघूनच पुढचं पत्र लिहिता येईल.

सस्नेह आशीर्वाद.